एका घराची दोन घरे करताना मधल्या तक्तपोशीचा विचार

उत्तर-पश्चिम लंडनमधले आमचे एडवर्डियन काळातले घर माझे यजमान आणि धाकटे दीर यांच्या नावावर समाईक होते. दोघांची मुले मोठी झाल्यावर त्याचे खालचा आणि वरचा असे दोन स्वतंत्र फ्लॅट करावेत, असे घरात एकमताने ठरले. इकडच्या मराठी कुटुंबांत असा विचार आता बराच ऐकू येतो आणि बोलणे बहुधा नव्या स्वयंपाकघरापासून सुरू होते. माझ्या मते ते दोन मजल्यांमधल्या लाकडी तक्तपोशीपासून सुरू व्हायला हवे, कारण इंग्लंडचे बांधकामाचे नियम सर्वांत जास्त तिच्याकडे पाहतात आणि काम संपल्यावर तिच्यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही.

परवानग्या दोन आहेत आणि एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे होत नाही. पहिली प्लॅनिंगची, म्हणजे इमारतीच्या वापराची. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९९० च्या ५५ व्या कलमानुसार एका कुटुंबाच्या घराचा दोन किंवा अधिक स्वतंत्र घरे म्हणून वापर करणे हाच वापरातला महत्त्वाचा बदल ठरतो, मग तुम्ही एकही भिंत हलवली नाही तरी कौन्सिलची, म्हणजे स्थानिक नगरपालिकेची, मंजुरी लागतेच. घराच्या एकूण आकाराबाबत राष्ट्रीय मापदंड आहे: दोन माणसांच्या एका बेडरूमच्या घराला किमान ५० चौरस मीटर आणि तीन माणसांच्या, दोन बेडरूमच्या एकमजली घराला ६१ चौरस मीटर. आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. साध्या घराला परवानगीशिवाय मागे छोटी खोली वाढवण्याची जी मुभा असते ती फ्लॅटला नसते, त्यामुळे वाढीव बांधकाम मनात असेल तर त्याचा विचार विभागणीच्या अगोदरच करणे शहाणपणाचे.

दुसरी मंजुरी बिल्डिंग रेग्युलेशन्स २०१० खालची. पूर्वी एक घर होते तिथे दोन झाली की आग, आवाज, वायुवीजन, उष्णता राखणे, सांडपाणी अशी अनेक कलमे जुन्या इमारतीलाही लागू होतात. आमच्याकडे रस्त्याकडचे दार आणि आतला बोळ दोन्ही फ्लॅटना सामाईक राहणार होता. अशा ठिकाणी नुसती सूचना देऊन काम सुरू करता येत नाही, संपूर्ण नकाशे आधी तपासून घ्यावे लागतात. ते मला मुळीच जाचक वाटले नाही. कागदावर चूक दुरुस्त करायला खोडरबर पुरते, तीच छतात सापडली तर सगळे पुन्हा उतरवावे लागते.

आता तक्तपोशी. आमच्या घरात वर लाकडी फळ्या, त्यांच्याखाली तुळया आणि तुळयांच्या खालून लाकडी पट्ट्यांवर केलेला जुना गिलावा, मध्ये निव्वळ पोकळी. एकाच कुटुंबात वरचे पाऊल खाली ऐकू आले तर कोणाला खटकत नाही, पण तिथे दुसरे बिऱ्हाड आले की तीच पोकळी रोजच्या कुरबुरीचे कारण होते. ध्वनीविषयीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, म्हणजे ॲप्रूव्हड डॉक्युमेंट ई मध्ये, अशा रूपांतरासाठी मुख्यतः दोन वाटा दाखवल्या आहेत: खालून स्वतंत्र छत बांधायचे, किंवा वर जुन्या फळ्यांवर तरंगती, म्हणजे मऊ थरावर खिळे न ठोकता टेकवलेली, जमीन घालायची. वरून जमीन उंचावली की प्रत्येक दार कापावे लागते आणि जिन्याची शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच होते, जे नियमांत बसत नाही. आमच्या तळमजल्याला उंची भरपूर होती, म्हणून आम्ही खालचे छत निवडले.

हे छत जुन्या छताला चिकटवायचे नसते. त्याच्या स्वतःच्या तुळया भिंतींवर टेकतात, त्यांना खालून प्लास्टरबोर्डाचे, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांचे, किमान दोन थर सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे लावतात आणि त्या थरांचे मिळून वजन दर चौरस मीटरला निदान २० किलो भरावे लागते. वर किमान १०० मिलीमीटर जाडीचे मिनरल वूल, म्हणजे आवाज शोषणारी खनिज तंतूंची गादी, पसरतात, आणि नव्या तुळयांचा माथा व जुन्या छताचा तळ यांच्यात निदान २५ मिलीमीटरची फट राखतात. ती फट हाच सगळ्या कामाचा प्राण आहे. एखादा खिळा किंवा लाकडाचा तुकडा दोन्हींना जोडून राहिला, तर वरचा हादरा त्याच वाटेने खाली उतरतो, म्हणून बोर्ड बंद होण्यापूर्वी दिरांनी टॉर्च घेऊन प्रत्येक खोलीतली फट स्वतः पाहिली. खिडकीची चौकट छताच्या अगदी जवळ येत होती तिथे छताला वर उचलून खोबणी ठेवली. दिवाणखान्याच्या छतावरचे गिलाव्याचे जुने नक्षीदार फूल मात्र या छताआड गेले, आणि सासूबाईंना त्याचे वाईट वाटले, ते योग्यच होते.

वरच्या बाथरूमचा सांडपाण्याचा नळ खालच्या फ्लॅटमधून जातो, तो उघडा ठेवता येत नाही. त्याभोवती मिनरल वूलचे अस्तर लावलेली वजनदार पेटी करतात आणि नळ जमीन ओलांडतो तिथे आगीला अटकाव करणारी कडी बसवतात. शक्यतो न्हाणीघराखाली न्हाणीघर आणि बेडरूमखाली बेडरूम ठेवावी. नकाशातला हा साधा विचार पुढचे बरेच महागडे उपाय वाचवतो.

शेवटी चाचणी होते. वरच्या जमिनीवर पाच पोलादी हातोड्यांचे यंत्र ठेवतात, अर्ध्या किलोचा प्रत्येक हातोडा चाळीस मिलीमीटरवरून पडतो, सगळे मिळून सेकंदाला दहा ठोके देतात, आणि खाली आवाज मोजतात. पावलांच्या अशा आवाजाची मर्यादा रूपांतरित घरांसाठी जास्तीत जास्त ६४ डेसिबल आहे, तर बोलणे, टीव्ही यांसारखा हवेतून येणारा आवाज किमान ४३ डेसिबलने अडला पाहिजे. पहिला आकडा जितका कमी तितका चांगला, दुसरा जितका जास्त तितका चांगला. चाचणीच्या वेळी वर गालिचा घातलेला चालत नाही, आणि तेच न्याय्य आहे, कारण गालिचा उद्या कोणीही काढू शकतो.

आगीचेही बरेचसे उत्तर प्लास्टरबोर्डाच्या त्याच दोन थरांत मिळते. उरते ते म्हणजे फ्लॅटचे दार तीस मिनिटे आग आणि धूर रोखणारे व आपोआप मिटणारे हवे, प्रत्येक फ्लॅटमध्ये विजेवर चालणारे आणि बॅटरीचा आधार असलेले धूरसूचक हवेत, आणि बेडरूममधून बाहेर पडण्याची सुरक्षित वाट हवी.

खर्चात एक सवलत आहे. घरांची संख्या बदलणाऱ्या अशा रूपांतरावर काँट्रॅक्टर २० ऐवजी ५ टक्के व्हॅट आकारू शकतो, फक्त ते अंदाजपत्रक घेतानाच बोलून घ्यावे. वीज आणि गॅसचे मीटर वेगळे करून घेण्याचे अर्ज लवकर करावेत, आणि कौन्सिल टॅक्स पुढे प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र लागतो.

काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय काँट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता देऊ नये, असा माझा आग्रह आहे. प्लॅनिंगच्या परवानगीविना केलेली विभागणी इंग्लंडमध्ये पूर्वी चार वर्षांनी कारवाईपासून सुरक्षित होत असे. २५ एप्रिल २०२४ पासून ती मुदत दहा वर्षे झाली आहे, आणि फ्लॅट विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, सर्वांत आधी हीच कागदपत्रे मागतो.

आमच्या सॉलिसिटरने दोन्ही फ्लॅटच्या लीजमध्ये, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात, हद्द कुठे संपते ते स्पष्ट लिहिले आहे. मधल्या जुन्या तुळया दोघा भावांच्या सामाईक मालकीच्या, नव्या छताची देखभाल खालच्या फ्लॅटकडे, आणि दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय त्या छतात दिव्यांसाठी भोके पाडायची नाहीत.