चकचकीत करून मिळणार नाही: आमची वाटचाल

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानावर ‘जुन्या नाण्यांची स्वच्छता व जतन’ अशी पाटी आहे. ती वाचून लोक नाणं चकचकीत करून मागतात, आणि नेमकं तेवढंच आम्ही करत नाही. या नकारापायी एकदा दुकानाला कुलूप लागायची पाळी आली होती.

बाजारात दुसऱ्या एकाने दहा मिनिटांत नाणी ‘नव्यासारखी’ करून द्यायला सुरुवात केली. बाथरूम धुवायच्या ॲसिडात बुडवायचं, पितळी ब्रशने घासायचं, वर पॉलिश. आमच्याकडे रोग लागलेल्या नाण्याला महिने लागतात, त्यामुळे व्यापारी एकेक करून तिकडे वळले. त्यात २०२० च्या लॉकडाउनमध्ये नाण्यांची प्रदर्शनं बंद पडली आणि भाडं थकलं. त्या काळात निपाणीचे एक तंबाखूवाले काका तेवढे टिकून राहिले. आगाऊ पैसे ठेवून जायचे, आणि ‘कधी होणार?’ असं एकदाही विचारलं नाही त्यांनी. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

तिकडे घासलेली नाणी पुढच्या पावसाळ्यात आमच्याच टेबलावर आली. तांबं गुलाबी पडलेलं आणि त्यावर पोपटी भुकटीचे ठिपके. हाच ब्राँझ डिसीज. तो शुद्ध तांब्यालाही होतो. बाथरूमच्या ॲसिडातलं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत मुरतं, दमट हवा लागली की आत पुन्हा ॲसिड तयार होतं आणि नाणं पोखरत जातं. एका शिवराईवर ‘श्री राजा शिव’मधला फक्त ‘राजा’ उरला होता, बाकी अक्षरांच्या जागी खळगे. त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. हे नुकसान कोणीच भरून देऊ शकत नाही.

हिरवा रंग दिसला की रोग असं मात्र नाही. घट्ट, गुळगुळीत, नखाने न निघणारा हिरवा किंवा तपकिरी थर हे नाण्याचं कवच असतं. अक्षरांचे उंचवटे पुष्कळदा त्या थरातच टिकलेले असतात. फिकट, भुसभुशीत, टोचलं की सांडणारा हिरवा तो रोग. शंका असेल तर बंद बरणीत ओल्या कापसाशेजारी, पण त्याला न चिकटवता, नाणं दोन दिवस ठेवा. ताजी भुकटी आली की समजायचं.

आमचं काम असं चालतं. आधी ॲसिटोन, म्हणजे तेल आणि जुनं पॉलिश सुटतं. मग डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. माती मऊ झाली की मायक्रोस्कोपखाली बाभळीचा काटा. याच्यासारखं हत्यार नाही. तो मातीपेक्षा कडक आणि तांब्यापेक्षा मऊ, टोक बोथट झालं की दुसरा घ्यायचा. लोखंडी सुई एकदा घसरली की ओरखडा कायमचा. काटा आडवा धरून अक्षराच्या कडेकडेने चालवायचा, वेलांटीच्या पोटातली माती सगळ्यात शेवटी.

रोग असेल तर भुकटी खरवडून नाणं क्लोराइड ओढून काढणाऱ्या सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात, द्रावण दर आठवड्याला बदलून. काढलेल्या द्रावणात नायट्रिक ॲसिड टाकून ते आम्लधर्मी करायचं, मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. पांढरं गढूळ आलं तर क्लोराइड अजून निघतंय. द्रावण निळं पडू लागलं तर थांबा, हिरवा थरच विरघळतोय. नंतर धुऊन, ॲसिटोनने पाणी काढून, स्पिरिटमधल्या ३ टक्के बेंझोट्रायझोलमध्ये, म्हणजे तांब्याचं गंजणं रोखणाऱ्या रसायनात, एक दिवस. हे रसायन विषारी आहे, हातमोजे हवेतच. शेवटी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक लेपाचा पातळ हात आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. काही जण हे सगळं टाळून नुसतं मेण लावतात. आतला रोग झाकला जातो, थांबत नाही.

घरी काय कराल तेही सांगून ठेवतो. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावू नका. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून नाणी काढा, त्यातून ॲसिड सुटतं आणि हिरवा चिकटा धरतो. मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरची पाकिटं चालतात. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने तांबं काळं पडतं. प्लायवुडच्या कपाटापेक्षा स्टीलचं बरं. आपल्याकडे, खानापूरकडे तर विशेषच, जूनपासून हवेत इतकी ओल असते की डबा घट्ट बंद आणि आत सिलिका जेल हवंच. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग सहसा डोकं वर काढत नाही. जेलचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा.

आणि शेतात नांगराला लागलेली नाणी थेट आमच्याकडे आणू नका. गुप्तधन कायद्याप्रमाणे असं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तोवर नाणी धुऊ नका, मडक्यासकट, मातीसकट तशीच ठेवा.