आमची वाटचाल : कार्डं वाढली, नंबर तेच राहिले

लातूरला आम्ही काम सुरू केलं तेव्हा बहुतेक ऑफिसांत बाहेरच्या तीन लाइन आणि आतल्या आठ फोनांचा (एक्स्टेन्शनचा) भिंतीवरचा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, असायचा. गिऱ्हाईक म्हणजे डाळमिल, ऑइलमिल, मार्केट यार्डातल्या आडती आणि खासगी दवाखाने. धंदा वाढला की टेबलं वाढत आणि टेबलांबरोबर फोन. दर वेळी अख्खी सिस्टीम बदलणं कुणाला परवडणार? म्हणून स्लॉटवाली, म्हणजे कार्डं खोचायला रिकाम्या खाचा असलेली सिस्टीम द्यायची आणि गरजेप्रमाणे फोन किंवा लाइनी जोडणारी कार्डं वाढवत न्यायची, याच कामावर आम्ही भर दिला.

एका डाळमिलमधले मुनीमकाका पहिल्याच भेटीत म्हणाले, "भाऊ, मशीन कोणतंबी बसवा, पण माझा एकवीस नंबर हलवू नका. काट्यावर, गेटवर, गोदामात सगळ्यांना तो पाठ हाय." तेव्हापासून आमचा नियम ठरला : कार्ड वाढलं म्हणून जुना एकही नंबर बदलायचा नाही.

वाटतं तेवढं हे सोपं नाही. मधल्या रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड घातलं की काही जुन्या सिस्टीम सगळे पोर्ट (कार्डावरच्या एकेका फोनच्या जागा) ओळीनं पुन्हा मोजतात आणि पुढचे सगळे नंबर सरकतात. म्हणून आमची मुलं आधी प्रोग्रामिंगचा बॅकअप घेतात. कोणता स्लॉट, कोणता पोर्ट, क्रोनवरची (तारा जोडायच्या पट्टीवरची) कोणती जोडी, कुणाचं टेबल, हा तक्ता हातानं लिहितात. मगच सिस्टीम बंद करून कार्ड बसवतात. सिस्टीमनं कार्ड ओळखलं की प्रत्येक पोर्टला नंबर द्यायचा. बाहेरची लाइन कुणाला, एसटीडी कुणाला, बाहेरून आलेली रिंग आधी कुठे वाजणार, हे मालकाला शेजारी बसवून ठरवायचं. पॉवर सप्लायचा हिशेबही त्याच वेळी करायचा. सोळा पोर्टचं कार्ड वाढवलं आणि सप्लाय जुनाच ठेवला, तर दुपारच्या गर्दीत बरेच फोन एकदम वाजायला लागले की सिस्टीम दमते.

अर्थिंगच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाचंच ऐकत नाही. मराठवाड्यात ट्रंक कार्डं (बाहेरच्या लाइनी जोडणारी) सर्वांत जास्त जळतात ती वळवाच्या पावसात. वीज कडाडली की बाहेरच्या तांब्याच्या तारेतून झटका थेट कार्डापर्यंत येतो. क्रोनवरचे अरेस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारे भाग) तो जमिनीत सोडतात, पण जमिनीनं तो घेतला तर! आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि खड्ड्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडला सोडते. म्हणजे पहिली वीज पडते त्याच वेळी अर्थिंग सर्वांत कमजोर झालेलं असतं. खड्ड्यात पाणी टाकत जा, असं आम्ही सगळ्यांना सांगत असू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी यायला लागलं, तेव्हा हे सांगायला तोंड उघडेना. त्या उन्हाळ्यात आम्ही बेसिनचं सांडपाणी पाइपनं खड्ड्याकडे वळवून दिलं. जिथं जमलं तिथं इलेक्ट्रोडभोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरली. आज नव्या कामाच्या कोटेशनमध्ये सिस्टीमचा स्वतंत्र अर्थिंग खड्डा आम्ही लिहितोच. तो नको म्हणणाऱ्याचं काम आम्ही नम्रपणे सोडून देतो.

पुढे मोठे दवाखाने आणि क्लासेस आले, त्यांना पीआरआय कार्डं लागली. एका जोडणीवर तीस संभाषणं आणि टेबलागणिक थेट नंबर. त्यात घड्याळाची, म्हणजे सिग्नलच्या ठेक्याची, सेटिंग नेमकी लागते : आपल्या सिस्टीमनं क्लॉक टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडून घ्यायचं, स्वतःचं चालवायचं नाही. नाही तर बोलताना टकटक आवाज येतो, फॅक्स अर्ध्यात तुटतो आणि लोक कार्डाला दोष देतात.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबणं सक्तीचं झालं. एसटीडी बंद राहावी म्हणून असंख्य ऑफिसांत शून्यालाच कुलूप होतं, त्यामुळे मोबाइलही लागेनात. त्या आठवड्यात उदगीर, निलंगा, अंबाजोगाई अशी आमची धावपळ चालली होती. वापरणाऱ्यानं सवयीनं दहा आकडेच दाबावेत आणि पुढचं शून्य सिस्टीमनं लावावं, अशी तजवीज आम्ही करून दिली. मुनीम, नर्स, वॉचमन यांना नवं काही शिकावं लागलं नाही, याचं मला फार समाधान आहे.

आता तांब्याच्या लाइनी कमी होत चालल्यात. फायबरवर सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीनं चालणाऱ्या लाइनी, येतात, जिथं फायबर नाही तिथं सिमवालं जीएसएम कार्ड लावतो. मालकांचा पहिला प्रश्न असतो, "जुने फोन फेकायचे का?" नाही. तेच फोन जुन्या एक्स्टेन्शन कार्डावर राहतात. फक्त ट्रंक कार्डाच्या जागी या नव्या लाइनींचं व्हीओआयपी कार्ड येतं आणि रिंग आधी वाजत होती तिथंच वाजते. त्या डाळमिलमध्ये काकांच्या खुर्चीवर आता त्यांची सून बसते. एकवीस तिच्याच टेबलावर आहे.