सात राऊंड आणि ढोलाचा सराव

"मुलाखतीचे तीन राऊंड होतील, दोन आठवड्यांत कळवू," असं नव्या कंपनीतल्या एचआरच्या मॅडम पहिल्याच फोनवर म्हणाल्या. मी हिंजवडीतल्या नोकरीत राजीनामा टाकला होता, नोटीस पिरियड ९० दिवसांचा. म्हटलं, निवांत आहे.

मशीन टेस्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर कोड लिहून दाखवायची परीक्षा, झाली. मग टेक्निकल. समोरचा माणूस खरंच हुशार होता. आधीच्या प्रोजेक्टमध्ये डेटाबेसचं इंडेक्सिंग का बदललं, ते त्याने इतकं खोदून विचारलं की मला काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही तासाभरात उघडं पडलं. तिसरा राऊंड मॅनेजरचा. माझ्या हिशोबाने विषय संपला होता.

पण फोन आला, "दुसऱ्या टीमचा एक टेक्निकल घेऊ या." त्यातही तेच इंडेक्सिंग. आधीच्या सरांचा फीडबॅक असेल ना, असं विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम नाही वाचला, मत आधीच बनायला नको." मी सत्यनारायणाच्या पोथीसारखी तीच कथा पुन्हा वाचली.

पाचवा राऊंड सिस्टीम डिझाइनचा, संध्याकाळी सातला. माझं घर नदीपात्राजवळ आणि महिना ऑगस्टचा. गणपती तोंडावर आले की तिथे ढोलपथकांचा सराव सुरू होतो, हे बंगळुरूच्या पॅनलला कोण सांगणार! खिडक्या लावल्या, बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसलो. बोलून झालं की म्यूट, प्रश्न आला की अनम्यूट. "शेजारी लग्न आहे का?" असं एकाने विचारलंच.

सहाव्या राऊंडच्या डायरेक्टरांनी दोनदा वेळ बदलली आणि तिसऱ्यांदा अकरा मिनिटांत आटोपलं. सातवा 'कल्चर फिट', म्हणजे माणूस कंपनीच्या वातावरणात बसेल का ते बघायचा, अमेरिकेतल्या वेळेनुसार, म्हणजे आमच्याकडे रात्री साडेनऊला.

या मधल्या दिवसांत एक गोष्ट वाचनात आली. गूगलने आपल्याच भरतीची आकडेवारी तपासली, तेव्हा चार मुलाखतींत निर्णय ८६ टक्के खात्रीने घेता येतो आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीने जेमतेम एका टक्क्याची भर पडते, असं त्यांना दिसलं. माझा आतेभाऊ तर माझे राऊंड ऐकून पोट धरून हसला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब'च्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. तो नुसत्या परीक्षेवर लागलाय.

सातव्या राऊंडनंतर अठरा दिवस शांतता. मग मेल आला : पोझिशन होल्डवर. माझ्याबद्दल सात जणांचं मत घेतलं, पण 'घ्या' किंवा 'नको' एवढं म्हणायला एकही तयार नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. राऊंड वाढतात ते बहुधा याच्यामुळे. उद्या माणूस चुकीचा निघाला तर खापर सात डोक्यांवर वाटून फुटतं.

दुसऱ्या कंपनीने दोन राऊंडमध्ये ऑफर दिली. नोटीस संपायला नऊ दिवस उरले होते.

आता मीही मुलाखती घेतो. मागच्या आठवड्यात आमच्या मॅनेजरचा मेसेज आला, "मुलगी चांगली वाटतेय, पण अजून एक राऊंड लावू या का?" तिची शीट उघडली. तिन्ही राऊंड झालेले, फीडबॅकचे दोन रकाने रिकामे. ते दोघांकडून आधी भरून घ्या, मग बोलू, असं कळवलं. एक रकाना आज भरलाय.