गोळी बंद केली, बाळासाठी

"बाळाला बाधेल म्हणून महिनाभर एआरटीची (एचआयव्हीवरच्या उपचाराची) गोळी बंद ठेवलीय. लोहाची मात्र न चुकता घेते." सातव्या महिन्यातली ताई आज विश्वासाने सांगत होती.

जीव कळवळला.

गोळी थांबली की रक्तातला विषाणू वाढतो, आणि बाळाला खरा धोका त्याचाच. उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण, अंगावर पाजणं मिळून लागण १५ ते ४५ टक्के. उपचार नीट चालू असतील तर ५ टक्क्यांच्याही खाली. या गोळीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाबद्दल २०१८ मध्ये बोत्स्वानातून आलेली बाळाच्या मणक्यातील दोषाची शंका पुढच्या आकड्यांत टिकली नाही.

जपायचं ते वेगळंच. रिकाम्या पोटी लोह-कॅल्शियम सोबत घेतलं, तर डोल्युटेग्राव्हिर रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून डोल्युटेग्राव्हिर लोह-कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा नंतर ६ तासांनी. नाहीतर सगळं जेवणासोबत.

गोळ्या हातात देताना एवढं कुणी सांगितलं होतं का तिला?