ब्रश फिरवला आणि कातडी फाटली

मे महिन्यातली दुपार, नागपूरचं ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं. मानेवाडा रोडवरच्या माझ्या दवाखान्यात महालातलं एक कुटुंब आलं. टॉवेलात गुंडाळलेलं चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू. पाठीवर माशाच्या तोंडासारखी आ वासलेली जखम, रक्त मात्र जेमतेम. बारा वर्षांचा मुलगा दाराशीच थांबलेला, डोळे रडून सुजलेले.

"पोट्ट्यानं कैचीनं कापलं, अन् आता खोटं बोलते," वडील म्हणाले.

"नाही जी डॉक्टर, मी फक्त ब्रश फिरवत होतो."

केस बाजूला केले तर आणखी चार जुने व्रण दिसले, सिगरेटच्या कागदासारखे पातळ, चकचकीत. आई म्हणाली, यातले दोन तर आणलं तेव्हापासूनच आहेत. मी पाठीवरची कातडी हलकेच वर उचलली. ती येतच राहिली. टेप लावला: घडीची उंची ९ सेंटीमीटर, डोक्याच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ४०. म्हणजे साडेबावीस टक्के. कुत्र्यात हा आकडा साडेचौदाच्या वर गेला की कोलॅजनच्या, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, जन्मजात दोषाचा संशय पक्का होतो. माणसांत कातडी आणि सांधे ढिले करणाऱ्या एलर्स-डॅनलॉस आजाराचा हा भाऊबंद. २०१९ मध्ये एका लॅब्रॅडॉरमध्ये त्यामागचा जनुकातला बिघाडही सापडला होता.

टाके घालायला पाऊण तास गेला. सुई ओल्या कागदातून जावी तशी जात होती. पहिले दोन टाके फाडूनच बाहेर आले, मग कडेपासून बरंच लांबून, ताण न देता घेतले. मशीन लावायची हिंमत झाली नाही, केस कात्रीनंच कापले.

नंतर वडिलांना बसवून सांगितलं: कातडीला धरून ठेवणारे धागेच कच्चे आहेत, ब्रश काय, सोफ्याचा कोपराही पुरतो. हे जन्मापासूनचंच आहे, तुमच्या पोरानं काही केलं नाही. ते काही बोलले नाहीत. बाहेर गेले आणि पोरासाठी उसाच्या रसाचा ग्लास घेऊन आले.

यावर औषध नाही. नखं कापलेली ठेवायची, कोपऱ्यांना फोम बांधायचा, दांडगट कुत्र्यांशी खेळू द्यायचं नाही, आणि पिल्लं होऊ द्यायची नाहीत. मुलगा सगळं वहीत लिहून घेत होता.

मला राग आला तो विकणाऱ्याचा. व्रण दिसत असताना त्यानं "खेळताना ओरखडे पडतात" म्हणून पिल्लू दिलं होतं. संध्याकाळी मी त्याला फोन केला. "आई-बाप तर एकदम ठणठणीत आहेत जी," तो म्हणाला. मी समजावलं, काही कुळांत दोष एकाकडून आला तरी पुरतो, काहींत दोघं वरून धडधाकट असून आत वाहून नेतात. बाकीची पिल्लं कोणाकडे गेली ते सांग, ती जोडी पुन्हा लावू नको.

पुढच्या माजाला तोच नर ठरलाय, असं त्यानं सांगितलं. जखमेचे फोटो आणि मोजमाप मी त्याला त्याच रात्री पाठवले. टाके निघाले तरी त्याचं उत्तर आलेलं नाही.