आधी मोबाईल स्टार्टर उघडा

‘इलेक्ट्रॉनिक्स झालंय, हार्डवेअर डिझाईनमध्ये जायचंय. कुठला कोर्स लावू? पुण्याला जाऊ का?’ सांगलीतली पोरं हे विचारतात. पोरांपेक्षा जास्त त्यांचे वडील विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कोर्सचं नंतर बघू. आधी शेतातल्या मोटारीचा एखादा बंद पडलेला मोबाईल स्टार्टर मिळवा.

तासगाव-पलूसकडं लाईट रात्रीची असली की माणूस अंथरुणातूनच फोन लावून मोटार चालू करतो, ती हीच पेटी. आतला बोर्ड काढून घरी आणा (४१५ व्होल्टला जोडलेल्या पेटीत हात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको). आयसींचे (चिपांचे) नंबर वाचून डेटाशीट, म्हणजे कंपनीनं दिलेलं माहितीपत्रक, उतरवा आणि मीटर लावून सर्किट कागदावर काढा. कंटाळवाणं काम आहे, पण डिझाईन शिकायची याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

काढता काढता जीएसएम मॉड्यूलशेजारचा (मोबाईल नेटवर्कशी बोलणारा भाग तो) जाडजूड कपॅसिटर कशासाठी, असं विचारा. टूजी मॉड्यूल सिग्नल पाठवताना जेमतेम अर्धा मिलिसेकंद, पण २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तेवढ्यात सप्लाय खाली बसला तर मॉड्यूल रीसेट होतं. तो झटका हा कपॅसिटर सांभाळतो. टॉवर जवळ असेल तर ते कमी पॉवरवर भागवतं, लांब असेल तर पूर्ण जोर लावतं. म्हणून सांगलीत विश्रामबागेत टेबलावर मस्त चाललेला बोर्ड मळ्यात गेल्यावर मान टाकतो, आणि दोष प्रोग्रामवाल्याच्या माथी जातो. तसंच कॉन्टॅक्टरचं, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या मोठ्या विजेच्या स्विचचं. कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज कंट्रोलरला हँग करतो. डीसी रिलेला उलटा डायोड पुरतो, एसी कॉइलला तो चालत नाही. तिथं आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी) लागतो.

एवढं उमगलं की तोच बोर्ड कीकॅडमध्ये (KiCad) स्वतः काढा. बोर्ड डिझाईन करायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन लेअरचा बोर्ड बनवून घ्या, पार्ट स्वतः सोल्डर करा. मी कुणाला कामावर घेताना सर्टिफिकेट बघत नाही. लेआउट समोर ठेवतो आणि ‘हा कपॅसिटर इथंच का?’ एवढंच विचारतो. डेटाशीटमध्ये होता म्हणून, असं उत्तर आलं की पुढं चहा होतो, नोकरी नाही.

वडिलांसाठी एक. सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्राचा पगार बहुधा जास्त असेल. बोर्ड चुकला तर नवा बनून यायला दिवस जातात, त्यामुळं हात बसायलाही वेळ लागतो. हे पटत नसेल तर पोराला आत्ताच सांगा.

आणि पुणं? जावं की. हायस्पीड मेमरी, गाड्यांचे कंट्रोलर, ईएमआयच्या (एका यंत्राचा दुसऱ्याला होणारा विद्युतचुंबकीय त्रास) चाचण्या हे शिकायला तिथं किंवा बंगळुरूलाच जावं लागेल. पण त्याआधी वर्षभर कुपवाड एमआयडीसीत मोटारींचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एखाद्याकडं काढा. शेतातून परत आलेला माल तिथं रोज टेबलावर येतो.