पडद्याच्या कडेची मेंढी

१९९९ साली आलेला ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गाव वसवून सैन्य उभारण्याचा संगणकीय खेळ आजच्या रुंद मॉनिटरवर सुरू केला, की गावातली सगळी मंडळी अचानक सुखवस्तू झाल्यासारखी दिसू लागतात. लाकूडतोड्या रुंद, मेंढी रुंद, घोडेस्वार तर घोड्यासकट रुंद. खेळात काहीही बिघडलेले नसते. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे चित्र तो इमानेइतबारे पाठवत असतो आणि १९२० बाय १०८० ठिपक्यांचा मॉनिटर ते या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून बसवत असतो. ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ च्या चौकटीत असे ओढले, की आडव्या दिशेने प्रत्येक वस्तू एक-तृतीयांशाने फुगते. या खेळातली जमीन तिरक्या चौकोनी तुकड्यांची बनलेली असून पडद्यावर प्रत्येक तुकड्याची रुंदी उंचीच्या दुप्पट दिसावी, असा मूळ हिशेब आहे. ताणल्यावर ती अडीचपटीच्याही पुढे जाते. मग निवडलेल्या सैनिकाच्या पायाभोवतीचे पांढरे कडे चपटे होते आणि डावीकडून उजवीकडे दौडणारा घोडा वरून खाली येणाऱ्या घोड्यापेक्षा वेगवान भासू लागतो. पुष्कळांना यातले काहीच खटकत नाही. मला खटकते, आणि डोळ्याला एकदा खटकलेली गोष्ट पुन्हा न दिसल्यासारखी करता येत नाही.

यावरचा सर्वांत सोपा उपाय ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्येच असतो. चित्राचे मूळ प्रमाण राखावे, असा पर्याय तिथे निवडला की १०८० उंचीच्या पडद्यावर १४४० रुंदीचे चित्र मधोमध उभे राहते आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपके रुंदीच्या काळ्या पट्ट्या उरतात. हिशेब चोख, गावकरी पुन्हा सडपातळ. पण रोख पैसे मोजून घेतलेल्या पडद्याचा बरोबर चौथा हिस्सा त्यात वाया जातो. सुट्टीला आलेल्या भाच्याने हे दृश्य पाहून “मामा, मॉनिटर बिघडलाय का?” असे विचारले, तेव्हा मला ४:३ चा इतिहास सांगण्याचा मोह आवरला नाही, आणि त्याने तो मोठ्या सोशिकपणे ऐकून घेतला.

हा आकार मुळात संगणकाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन या सहकाऱ्याने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्रासाठी चार छिद्रांची उंची ठरवली आणि त्यातून ही जवळजवळ चौकोनी चौकट जन्माला आली. मूकपटांकडून ती दूरचित्रवाणीकडे आली आणि दूरचित्रवाणीकडून संगणकाच्या मॉनिटरकडे. ६४० बाय ४८०, ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. पुढे १९८० च्या दशकात नव्या दूरचित्रवाणीची चौकट ठरवायची वेळ आली, तेव्हा जुना ४:३ आणि चित्रपटगृहातला लांबरुंद पडदा या दोन्ही प्रकारची चित्रे कमीत कमी जागा वाया घालवून मावतील, असा मधला आकार म्हणून १६:९ पुढे आला. म्हणजे माझ्या टेबलावरचा मॉनिटर हा मुळात एक तडजोड आहे आणि त्या तडजोडीत संगणकावर खेळणाऱ्यांचे मत कोणी विचारलेले नव्हते. जुन्या काचेच्या मॉनिटरवर हा प्रश्नच उद्भवत नसे. त्याची काच ४:३ चीच असे, आणि त्याला ठरावीक ठिपक्यांचे बंधन नसल्यामुळे ८०० बाय ६०० काय किंवा १०२४ बाय ७६८ काय, तो सारख्याच सहजतेने काचभर दाखवत असे.

पडदा खऱ्या अर्थाने भरायचा, तर चित्र ताणून उपयोग नाही. खेळाला अधिक जग दाखवायला लावले पाहिजे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सारख्या द्विमित खेळात हे वरवर सोपे वाटते. नकाशा मोठा आहेच, आपण त्याचा एक तुकडा खिडकीतून पाहत असतो, तेव्हा खिडकी रुंद केली की झाले. अडचण खिडकीची नसून तिच्या चौकटीची आहे. वर लाकूड, अन्न, सोने आणि दगड यांचे आकडे दाखवणारी पट्टी आणि खाली एका अंगाला आज्ञांची बटणे व दुसऱ्या अंगाला तिरक्या चौकोनाच्या आकाराचा छोटा नकाशा असलेले फलक, ही सगळी सजावट म्हणजे आधीच रंगवून ठेवलेली चित्रे आहेत, आणि ती ८००, १०२४ व १२८० एवढ्या तीनच रुंदींसाठी तयार केलेली आहेत. १९२० च्या मापाचा फलक कोणी रंगवलेलाच नाही. नुसता आकडा बदलून खेळाला रुंद केले, तर फलक जिथे संपतो तिथून पुढची जागा पुसून नव्याने रंगवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि मागच्या क्षणांची चित्रे तिथे एकावर एक साचत जातात. ‘द कॉन्करर्स’ या २००० सालच्या पुरवणीसाठी चाहत्यांनी तयार केलेल्या ‘युजरपॅच’ने हे दुखणे दूर केले, आणि विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये २५६ रंगांचा मेळ बिघडून गवत लाल आणि पाणी जांभळे दिसत असे, त्याचाही त्याने बंदोबस्त केला. कोणतीही कंपनी पगार देत नसताना दुसऱ्याच्या खेळाची डागडुजी करणाऱ्या या मंडळींविषयी मला जो आदर वाटतो, तो मी लपवत नाही.

हे सगळे जुळून आल्यावर जे दिसते, ते मात्र थक्क करणारे असते. १०२४ बाय ७६८ च्या तुलनेत १९२० बाय १०८० मध्ये अडीचपटीहून जास्त ठिपके असतात आणि तेवढाच जास्त मुलूख एका दृष्टिक्षेपात येतो. खेळाच्या सुरुवातीला आपल्याकडे टाउन सेंटर म्हणजे गावाची मुख्य इमारत, काही गावकरी आणि एक टेहळणी करणारा घोडेस्वार असतो. त्याने शोधलेली मेंढी आपली होते; परंतु तिच्या आसपास आपले कोणी नसेल आणि शत्रूचा माणूस तिथे पोहोचला, तर ती बिनदिक्कत त्याची होते. पूर्वी टाउन सेंटरकडे लक्ष असताना ही मेंढी पडद्याबाहेर असे आणि तिची निष्ठा बदलल्याचे फार उशिरा कळे. आता ती पडद्याच्या उजव्या कडेला चरताना दिसते, आणि तिला वेळेवर घराकडे हाकता येते. याला सोय म्हणावे की लबाडी, असा प्रश्न माझ्या मनात येतो. एकट्याने संगणकाविरुद्ध खेळताना तो गौण आहे. पण समोरचा खेळाडू अजून १०२४ वर असेल, तर माझा मॉनिटर हेच माझे अर्धे सैन्य ठरते. भाच्याला यात अन्याय दिसत नाही. “त्यानेही मोठा मॉनिटर घ्यावा,” हे त्याचे मत.

त्रिमित खेळांची कथा निराळी. तिथे चित्र आधी काढलेले नसते, ते क्षणाक्षणाला मोजून तयार होते, आणि त्या मोजणीत पडद्याचे प्रमाण हा एक आकडा असतो. अनेक जुन्या खेळांच्या मूळ फाइलमध्ये ४:३ म्हणजे १.३३३ हा आकडा एबी, एए, एए, ३एफ अशा, संगणकाच्या सोळा अंकी पद्धतीत लिहिलेल्या, चार बाइटच्या रूपात बसलेला सापडतो. तो हुडकून त्याजागी ३९, ८ई, ई३, ३एफ लिहिले की खेळ १६:९ मध्ये विचार करू लागतो. विचार कसा करतो, हे मात्र तपासून घ्यावे लागते. ४:३ वर डावीकडून उजवीकडे ९० अंश दिसत असतील, तर उभी दृष्टी तीच ठेवून रुंद केलेल्या पडद्यावर सुमारे १०६ अंश दिसायला हवेत. काही खेळ मात्र आडवे ९० अंश धरून बसतात आणि वरची-खालची दृष्टी ७४ अंशांवरून ५९ वर आणतात; पडदा भरतो खरा, पण वर आणि खाली जे दिसत होते ते छाटून. ताणण्यापेक्षा ही फसवणूक अधिक सफाईदार आहे, कारण वर्तुळे गोल राहतात आणि आपले काही गेले आहे याचा पत्ताच लागत नाही.

दृष्टी प्रामाणिकपणे रुंद केली, तरी एक गंमत उरते. खेळ बनवणाऱ्यांनी ४:३ च्या बाहेर कोणी पाहणार नाही, असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे काही खेळांत संवादाचे दृश्य चालू असताना पुढच्या प्रवेशाची वाट पाहणारे पात्र कडेला हात पसरून निश्चल उभे असलेले दिसते. विंगेतला नट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसावा, तसे. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या सायबर कॅफेंत तुडुंब खेळल्या गेलेल्या ‘व्हाइस सिटी’ या शहरभर गाड्या पळवण्याच्या त्रिमित खेळाचा पडदा भरला तर रस्ते छान रुंद होतात, पण कोपऱ्यातला छोटा नकाशा दाखवणारे गोल रडार लंबगोल होऊन बसते आणि त्याच्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते.

आणि काही खेळ रुंद करताच येत नाहीत, करूही नयेत. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. त्यात पडदा म्हणजे एक दालन. दहा फरश्या रुंद आणि तीन मजले उंच. राजपुत्र कडेपर्यंत धावला की चित्र बदलते आणि पुढचे दालन उघडते, त्यात पहारेकरी आहे की जमिनीतून वर येणारे खिळे आहेत, हे उडी मारण्यापूर्वी कळत नाही. इथे पडद्याची कड हीच भिंत आहे. ती हलवली तर पलीकडचा पहारेकरी आधीच दिसेल आणि साठ मिनिटांच्या त्या धावपळीतला जीवच जाईल. या खेळाचे डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरचे चित्र ३२० बाय २०० चे असून त्याचा प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच दिसावा, अशी मूळ योजना आहे. डॉसचे खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये प्रमाण सुधारण्याचा पर्याय चालू केला नाही, तर राजपुत्र बुटका दिसतो. तो चालू करावा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या आहेत तशा राहू द्याव्यात.

भाच्याचा आक्षेप वेगळाच आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची २०१९ ची नवी आवृत्ती विकत मिळते, तिच्यात चित्रे नव्याने काढलेली आहेत आणि हवे तसे जवळ-लांब जाता येते, तर मग ही खटपट कशाला? त्याचे बरोबर आहे, आणि ती आवृत्ती मी घेतलीही आहे. पण जुन्या खेळात लाकूडतोड्या ज्या मोजक्या ठिपक्यांचा बनला आहे, ते ठिपके मला ओळखीचे आहेत. शिवाय काम अजून संपलेले नाही. खेळ आता पडदाभर चालतो, परंतु त्याचा मुख्य मेनू ८०० बाय ६०० चाच आहे. तो ताणायचा की पट्ट्यांमध्ये ठेवायचा, यावर आमच्या घरात दोन मते आहेत, आणि सेटिंग मी पट्ट्यांवर ठेवली की भाचा ती हळूच ताणून ठेवतो.